निशाण

तिकीट दहा रुपये, पोरांना पाच.
ज्या खिडकीतून कुर्डुवाडीचं तिकीट मिळायचं
त्याच अर्धगोल भोकातून
मी कुठंच न जाणारं तिकीट देते.
एखादी म्हातारी सवयीनं विचारते,
"गाडी टायमात हाय का?"
मी म्हणते, हाय. उभीच हाय.

अडीच फुटांच्या रुळावर एक इंजिन, दोन डबे,
इतका रंग फासलाय की दाराच्या कड्या फिरत नाहीत.
पोरं फोटोपुरती लोंबकळतात.
बाकाखाली कुणीतरी
शेंगांची टरफलं टाकून जातं.
ती मी सावकाश झाडते,
तेवढाच डबा खरा वाटतो.

आत वजनकाटा, घंटा, काचेच्या पेटीत टोकनचा गोळा,
आणि फलाटाच्या दाराशी पॉइंटमन.
सोलापुरात युनिफॉर्मच्या दुकानात उभा असायचा,
गोरापान, निळ्या डोळ्यांचा, शाळेच्या टायमध्ये.
देशमाने साहेबांनी त्याला सावळा करून घेतला,
मिशी काढली, खाकी चढवली.
एप्रिलच्या उन्हात उजव्या कानाचा पोपडा उडाला
तेव्हापासून आतला विलायती पोरगा
कानाएवढाच बाहेर बघतो.
हातात हिरवं निशाण. सताड उघडं.

परवा बाबा आले.
रेवणसिद्ध कोरे, एकतीस वर्षं याच फलाटावर.
तिकिटावर अडून बसले,
"विदाउट सापडलो तर घरच्या माणसाला नको."
दहाची नोट सरकवली.
मीही घेतली. तिकीट फाडलं.

इंजिनाकडं गेले नाहीत.
घंटेला हात लावला नाही.
हरभऱ्याच्या गोष्टीचा बोर्ड मात्र वाचला,
चालत्या गाडीतून लोक उतरायचे,
डहाळे उपटून परत चढायचे, वगैरे.
"फक्त चढावर," पुटपुटले, "आणि गाडी भरलेली असंल तरच."
मग त्या पुतळ्यासमोर थांबले.
बराच वेळ.
मला वाटलं, भरून आलं असेल.

"हे उघडं का?"
दिसायला बरं, बाबा.
"मागं गाडी उभी. सांध्याला कुलूप.
पुढं रूळ न्हाई, भिंत,
भिंतीपल्याड डाळीची गिरणी.
आणि ह्यो आठ वर्षं म्हणतोय, ये. ये. ये.
उद्या आली तर?"

मी दुसरीत होते तेव्हा एका रात्री
ओढा फुगला म्हणून ते लाल कंदील घेऊन
पुलाच्या अलीकडं उभे राहिले होते.
पूल वाहून गेला नाही.
गाडी तर त्या रात्री कुर्डुवाडीहून सुटलीच नव्हती.
बक्षीस नाही, पेपरात नाव नाही.
सकाळी घरी आले, कडक भाकरी दुधात चुरली,
खाल्ली, झोपले.
आईनं त्यांचा शर्ट दोनदा पिळला.

संग्रहालयात त्या रात्रीचं काही नाही.
काय ठेवणार?

त्यांनी मला दाखवलं,
कापड काठीला कसं घट्ट लपेटायचं,
टोक आत कसं खोचायचं,
आणि काठी डाव्या काखेत.
पुतळ्याच्या काखेत जागा नव्हती,
म्हणून खाली, पायाशी टेकवली.

तेव्हापासून कुलूप लावताना मी निशाण गुंडाळते.
सकाळी शिपाई इम्तियाज ते सोडून परत हातात देतो.
साहेबांचा आदेश आहे.
आम्ही दोघं यावर बोलत नाही.

काल लाइट गेली, घाई झाली,
शिवाय शाळेची सहल उशिरापर्यंत होती.
रात्री दोनला डोळे उघडले.
पाणी प्यायला उठले तर बाबा खाटेवर जागे.
"गुंडाळलंस?"
हो, म्हटलं.
त्यांनी कूस बदलली,
थोड्या वेळानं घोरू लागले.

मी भिंतीला टेकून बसले,
कान स्टेशनाकडं.